खाणीवरच्या पिकअपचा जादा गिअर

नवऱ्याचं कौतुक बाईनं चारचौघांत करू नये म्हणतात. म्हणोत बापडे, मी करणार. माझ्या नवऱ्यासारखा फिटर अख्ख्या डिचोली तालुक्यात दाखवा, मग मी गप्प बसते.

नाव कृष्णनाथ. मूळचे दोडामार्गचे. मिसरूड फुटायच्या आत इकडे खाणीवर आले, ट्रकांच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागले आणि हेडफिटर झाले. खाण बंद पडली तेव्हा तिथलीच एक भंगारात निघालेली पिकअप त्यांनी घेतली, नार्व्यात आमच्या घरासमोर आणून तिचे सांधे जुळवले आणि भाडी मारायला लागले. गावची मिरची-भेंडी म्हापशाला, मंडपाच्या खुर्च्या पेडण्याला, कधी हळर्णला कुणाच्या घराचे चिरे.

ओढायला ती गाडी राक्षस. खाणीच्या चढणीसाठीच तयार केलेली ना! पण सपाट हायवेवर तिचे हाल. चौथ्याच्या पुढे गिअरच नाही. इंजिन बोंब मारतंय आणि मागून स्कूटरवाली पोरगी हॉर्न वाजवत पुढे निघून जातेय. डिझेल तर नुसती ढोसायची.

"हिका आणखी एक गिअर व्हयो," एक दिवस हे म्हणाले.

"गाडीला की तुमच्या डोक्याला?" मी विचारलं.

ऐकतात थोडेच! भंगारवाल्याकडून कुठल्याशा जुन्या जीपचा छोटा जादा गिअरबॉक्स घेऊन आले. ओव्हरड्राइव्ह म्हणतात त्याला. मी भाकरी थापत होते, तर परातीतल्या पिठात बोटानं रेघा मारून मला समजावलं. तो मूळ गिअरबॉक्सच्या मागे बसतो. चाकं तेवढीच धावतात, पण इंजिनाला कमी फिरावं लागतं, म्हणून डिझेल कमी. त्यासाठी चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट कापून आखूड करायचा. चांगला धडधाकट शाफ्ट कापायचा हे ऐकून माझी भाकरी तव्यावर करपली.

नाक्यावरच्या चहाच्या दुकानात बातमी पोचली. गौरेश मंडपवाला, आमचं कायमचं गिऱ्हाईक, सगळ्यांदेखत फिदीफिदी हसला. झालं, ह्यांचं डोकं फिरलं. "ॲव्हरेज वाढला नाय तर गाडी विकतंय आणि वॉचमन म्हणून रवतंय!" असं बोलून बसले.

अहो, कुणी सांगितलं होतं बोलायला? तोंडातून शब्द गेला की मागे घ्यायचा नाही, असा ह्यांचा खाक्या. आणि विमानतळाकडच्या एका हॉटेलात वॉचमनची जागा खरंच रिकामी होती.

मग हे दिवसचे दिवस पिकअपखाली. शाफ्ट डिचोलीला लेथवर नीट करून आणला, हॅण्डब्रेकजवळ नवा दांडा बसवला. पहिल्यांदा हायवेवर तो ओढला आणि इंजिनाचा आवाज असा काही खाली आला, की इतक्या वर्षांत त्या गाडीत आम्हाला एकमेकांचं बोलणं न ओरडता ऐकू आलं. मला तर रडूच फुटलं.

पण टाकी फुल्ल करून गाडी चालवली, परत फुल्ल केली, मीटरवरचे किलोमीटर बघून हिशेब केला, तर ॲव्हरेज जिथल्या तिथे! पुन्हा करून बघितलं. तेच. हे उठून बाहेर गेले. जेवले नाहीत. बाजारातून निळं कापड आणून माझ्या शिलाई मशीनवर ठेवलं आणि म्हणाले, "वॉचमनाचो शर्ट शिव."

शिवला. टाक्याटाक्याला त्या गिअरबॉक्सला शिव्या घालत शिवला. पाने-पक्कड धरणारे हात आता गेट उघडणार आणि बंद करणार! शर्ट खुंटीला टांगला आणि त्याच्याकडे पाठ करून बसू लागले.

गाडीला गिऱ्हाईक ठरलं. शेवटचं भाडं गौरेशचं, खुर्च्या पेडण्याला. नवा गिअर बसल्यापासून त्याचं हे पहिलंच. हा गौरेश किलोमीटरवर पैसे देतो आणि निघताना, पोचताना स्वतः वाकून मीटर बघतो. संध्याकाळी भाडं द्यायला दारात आला तो खुशीत.

"वयनी, आज रस्तो आखूड जालो! दर खेपे पस्तीस पडटात, आज एकुणतीस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमची गाडी चालली आणि ह्याला सहा किलोमीटरचं सुख! "रस्ता काय तुझ्या आजोबांनी कापून नेला?" मी ओरडले. "की पेडणंच सरकून नार्व्याला आलं?"

आणि तिथंच माझी जीभ थांबली. ओसरीवर बसलेले हेही ताडकन उठले. पेडणं सरकलं नव्हतं. रस्ता होता तेवढाच होता. मीटरच कमी मोजत होता!

"शिरा पडो माझ्या तोंडार!" हे ओरडले. "मीटराची केबल जुन्या गिअरबॉक्सातून येता. नवो गिअर तिच्या मागे. चाकां जास्ती पळतत आणि मीटराक पत्तोच नाय!"

तुम्ही म्हणाल, एवढ्या हेडफिटरला हे कळू नये? अहो, खाणीवर पैसे खेपेवर मिळायचे. मीटर चालू असलेला ट्रक तिथे पाहिलाय कुणी? ज्याच्याकडे जन्मात ढुंकून बघितलं नाही, त्या मीटरवर ह्यांनी पहिल्यांदाच विश्वास टाकला आणि त्यानंच दगा दिला.

दुसऱ्या दिवशी गौरेशला साक्षीला मध्ये बसवलं आणि हायवेवरचे किलोमीटरचे दगड मोजत गेलो. पंपावर हिशेब केला. जेवढ्या डिझेलात गाडी पूर्वी दहा किलोमीटर जायची, तेवढ्यात आता बारा! गौरेशनं मोबाइलवर दोनदा करून बघितलं. "कृष्णनाथबाब, मानलें तुका," म्हणाला. मी मुद्दाम म्हटलं, "जरा मोठ्यानं बोल, चहाच्या दुकानात ऐकू गेलं पाहिजे."

घरी आल्याआल्या हे परत गाडीखाली शिरले, मीटरचं दुरुस्त करायला. खालून तेलानं काळा झालेला हात बाहेर आला. "अगो, फडको दी."

मी आत गेले. खुंटीवरचा शर्ट काढला. शिलाई माझी, पक्की, पण बाही टरकन उसवली आणि त्या हातावर ठेवली.

हात आत गेला. मग आवाज आला, "अगो, ह्यो तर नवो शर्ट!"

"पुसा बिनधास्त," मी म्हटलं. "दुसरी बाही आहे अजून."