लाल बटण आणि रविवारचा वर्ग

माझ्या नाकावर राग असतो, हे घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे जाहीर आहे. त्यामुळे त्या सोमवारी मीटिंगमध्ये मी टेबलावर मार्कर आपटला तेव्हा कोणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. साहेब तेवढे शांतपणे म्हणाले, "लोकांना अ‍ॅप वापरता येत नाही ना, मग एक छोटा व्हिडिओ करून टाकू. शिकतील हळूहळू."

"लोकांना सगळं येतं," मी म्हणाले. "आपल्यालाच नीट मांडता आलेलं नाही."

आमची कंपनी छोटी. गंगापूर रोडला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसते. थेट प्रक्षेपणाचं अ‍ॅप चालवते. लग्नं, शिकवण्या, विहारातली वंदना, द्राक्षांवर कधी काय फवारायचं याचा सल्ला, ज्याला जे आपल्या माणसांना लाइव्ह दाखवायचं असेल ते. मी तिथं डिझाइन बघते. म्हणजे कुठलं बटण कुठं असावं, त्यावर काय लिहावं, ते दाबल्यावर माणसाला काय दिसावं. आमच्या मावशीला अजून वाटतं की मी बटणं रंगवते, आणि एवढ्यासाठी पगार देतात याचं तिला नवल वाटतं.

भांडण चाललं होतं ते 'शेड्यूल'वरून. मी यायच्या आधीपासून अ‍ॅपमध्ये ती सोय होती. कार्यक्रमाचा दिवस आणि वेळ आधीच टाकून ठेवायची, एक लिंक मिळते, ती सगळ्यांना पाठवायची, वेळ झाली की त्याच लिंकवर लोक जमतात. इतकं साधं. आणि तरी वापरणाऱ्यांची तक्रार एकच, लोक येत नाहीत.

तक्रार करणाऱ्यांतला एक जण माझ्या घरीच बसलेला आहे, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.

माझे वडील सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवायचे. नोकरी संपली तसे ते नाशिकला माझ्याकडे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत ते घराला आणि घर त्यांना कंटाळलं. अशात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आणि तिच्यासारखीच दहावीला गणितात नापास झालेली पोरं, आता बाप्ये आणि बाया झालेली, पिंपळगाव बसवंतला द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाउसमध्ये कामाला होती. दहावी नाही म्हणून कुठं साधा अर्ज करता येत नाही, म्हणून त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं होतं. "सर, बाकीचं आम्ही बघतो," ती म्हणाली. "गणित तेवढं तुम्ही घ्या."

पप्पांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. फळा आला, डस्टर आलं, भिंतीवर खिळा ठोकला. रविवारी संध्याकाळी वर्ग ठरला. आमचंच अ‍ॅप मी त्यांच्या फोनवर टाकून दिलं. त्यांनी स्वतः वेळ टाकली, लिंक ग्रुपवर पाठवली, सोबत सोडवून ठेवायला उदाहरणं पाठवली. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. वर्ग चालू असताना कोणी आत आलेलं त्यांना पूर्वीपासून चालत नाही.

बाहेर आले ते खडूचे हात पुसत. "कोणी आलं नाही," म्हणाले.

पुढच्या रविवारीही तेच. मी विचारलं, मग इतका वेळ आत काय करत होतात? म्हणाले, "बघणाऱ्यांचा आकडा शून्य दिसत होता. तरी शिकवलं. कोणी उशिरा आलं असतं तर त्याचं चुकलं असतं ना."

मला रडू यायला लागलं. आणि मला रडू आलं की मी आधी रागावते. मी म्हटलं, ग्रुपवर विचारा तरी सरळ. तर म्हणाले, "ओढून आणलेल्या पोरांना गणित येत नाही. दिवसभर उभं राहून काम करतात ती. नसेल जमत. मीच उगाच उत्साह केला." मी फोन मागितला, काही बिघडलंय का बघते म्हटलं. "फोन चांगला आहे," म्हणाले. "माणसं आली नाहीत." ग्रुपवर दोन्हीकडून नुसते हात जोडलेले. सरांचे नमस्कार, मुलांचे नमस्कार, मध्ये एक शब्द नाही.

मग जेवताना, भाकरी मोडत, सहज सांगितल्यासारखं म्हणाले, "येत्या रविवारची लिंक पाठवलीय, तेवढं बघतो. नाहीतर ग्रुपवर लिहून टाकतो, वर्ग बंद म्हणून."

म्हणून सोमवारी मार्कर आपटला. साहेबांकडून मी तो आठवडा मागून घेतला. म्हटलं, मला लोकांच्या शेजारी बसून बघू द्या. काही सापडलं नाही तर करा तुमचा व्हिडिओ.

या कामाचा नियम असा की समोरचा माणूस अ‍ॅप वापरत असताना आपण गप्प बसायचं. सुचवायचं नाही, बोट दाखवायचं नाही, सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते.

पहिल्यांदा गेले दिंडोरीला, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका दादांकडे. त्यांना म्हटलं, एक लग्न शेड्यूल करून दाखवा. दादांनी चहा संपायच्या आत सगळं बिनचूक केलं. माझ्या मनात आलं, यांना तर सगळं येतंय, आता अडचण कुठे शोधू? मग म्हटलं, समजा लग्नाचा दिवस उजाडला, करा सुरू. दादांनी अ‍ॅप उघडलं, शेड्यूलकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि खालचं मोठं लाल बटण दाबलं. 'लाइव्ह सुरू करा.'

मी हात दाबूनच ठेवले. ते लाल बटण नवंकोरं प्रक्षेपण सुरू करतं. त्याची लिंक वेगळी. आधी पाठवलेल्या लिंकवर जे जमलेत त्यांच्यासमोर नुसतं गोल फिरत राहतं. म्हणजे पंगत बसली एका मांडवात आणि वाढपी निघाले दुसऱ्या मांडवात.

झाल्यावर विचारलं, दादा, आधी ठरवून ठेवलं होतं, तिथं का नाही गेलात?

त्यांना माझा प्रश्नच कळेना. "ते झालं ना मॅडम," म्हणाले. "ते आवतण झालं. आवतण दिलं म्हणजे लोक जेवायला येतात का? पानं मांडली की घरोघर जाऊन परत सांगावं लागतं, चला म्हणून. त्याशिवाय कोणी उठत नाय. लय भारी माणूस असला तरी बोलावणं आल्याबिगर उठणार नाय."

आमच्या नात्यातही हेच चालतं. आठ दिवस आधी आमंत्रण येतं, पण जेवायच्या वेळेला "चला" म्हणायला कोणी आलं नाही तर मावशी फुगून घरीच बसते. आणि आम्ही काचेच्या केबिनमध्ये बसून समजत होतो की एकदा वेळ टाकली की काम झालं. लोकांच्या लेखी आवतण वेगळं आणि बोलावणं वेगळं. त्यांना बोलावणं करायचं होतं, आणि त्यासाठी दिसणारं एकच बटण आम्ही चुकीच्या दारावर लावलं होतं. पुढच्या दोन दिवसांत ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले, विहाराचं प्रक्षेपण करणारे काका, मसाले शिकवणाऱ्या एक ताई, सगळ्यांनी माझ्यासमोर तेच लाल बटण दाबलं.

पप्पांनी दुसरं काय केलं असणार होतं?

नुसता अंदाज बांधून मला घरी जायचं नव्हतं. पिंपळगावला गेले. पप्पांना फोन केलेली ती विद्यार्थिनी पॅकहाउसच्या मागे डबा खात बसली होती, डोक्यावर जाळीची टोपी तशीच. सरांची मुलगी म्हटल्यावर तिनं डबा झाकला आणि उभीच राहिली. मी म्हटलं, बस गं, मी अ‍ॅपचं विचारायला आलेय. वर्गाच्या पहिल्या रविवारी तुम्ही काय केलंत?

"बसलो होतो ना, ताई. खोलीच्या बाहेर ओट्यावर. एका फोनमागं चार-पाच जण, असे तीन फोन. नुसतं गोल गोल फिरत होतं. सर आलेच नाय."

"मग विचारलं का नाही सरांना?"

ती खाली बघायला लागली. "सरांनी उदाहरणं दिली होती. आमची झालीच नव्हती. वाटलं, सर रागावले. शाळेत पण असंच करायचे. गृहपाठ नसला की वर्गात यायचेच नाय, बाहेर व्हरांड्यात उभे राहायचे, आम्हाला लाज वाटेस्तोवर."

हे मात्र शंभर टक्के पप्पा. घरीसुद्धा रागावले की ते गच्चीवर जाऊन उभे राहतात.

"मग आम्ही सोडवली," ती म्हणाली. "सगळी. कामावरून आल्यावर बसायचो. दुसऱ्या रविवारी वह्या घेऊन बसलो. वाटलं, आता येतील." तिनं डब्याचं झाकण एकदा काढून परत लावलं. "तरी आलेच नाय."

मी तिला सांगितलं की सर दोन्ही रविवारी फळ्यासमोर उभे होते. त्यांना तुमचं शून्य दिसत होतं आणि तुम्हाला त्यांचं फिरणारं गोल. चूक सरांची नाही, तुमची नाही, आमच्या अ‍ॅपची आहे. ती रिकाम्या क्रेटवर बसली. "म्हणजे सर रागावलेले नाय?" एवढंच तिला हवं होतं. नाही म्हटल्यावर तिनं मला बळंच अर्धी भाकरी खायला लावली.

मला वाटलं होतं की घरी जाऊन हे सांगितलं की विषय संपला. कसलं काय. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "तू तिकडे गेलीस," म्हणाले. "सरांच्या मुलीनं येऊन सांगितलं म्हटल्यावर येतीलच ती. भिडेपोटी. तसं नको मला."

मी हात टेकले आणि ऑफिसला गेले.

ज्या प्रोग्रामरशी माझं रोज वाजतं, त्यानं या वेळी एक शब्द न बोलता काम केलं. त्याची आईही भजनी मंडळ लाइव्ह दाखवते आणि तिच्याकडेही लोक येत नाहीत, हे मला नंतर कळलं. आम्ही फार काही केलं नाही. ज्या दिवशी कार्यक्रम ठरलेला आहे त्या दिवशी लाल बटण हटवलं. अ‍ॅप उघडलं की तोच कार्यक्रम समोर येतो, खाली एकच बटण, 'बोलवा'. ते दाबलं की लिंक मिळालेल्या प्रत्येकाला बोलावणं जातं आणि आधीचंच दार उघडतं. आणि वर, ठळक अक्षरांत, किती जण येऊन थांबलेत तो आकडा. साहेब म्हणाले, 'बोलवा' हा शब्द जरा गावठी नाही का वाटत? मी मार्कर हातात घेतला. शब्द राहिला.

रविवारी पप्पांना म्हटलं, वर्गाचं राहू द्या, मला नवं अ‍ॅप तपासायला एक माणूस हवाय. परीक्षा तुमची नाही, अ‍ॅपची. मुलीच्या नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर ते तयार झाले. शर्ट मात्र इस्त्रीचाच घातला. आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या वर्गात बसायला मिळालं, मागे, स्टुलावर, हात मांडीखाली.

वर्गाला अजून अवकाश होता. पप्पांनी अ‍ॅप उघडलं. वर आकडा आलेला होता. तीन.

त्यांनी चष्मा वर-खाली केला. बघता बघता तिनाचे पाच झाले. "अगं, वेळ कुठं झालीय," म्हणाले. मी नियम पाळला, गप्प बसले. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, खडू हातात घेतला आणि 'बोलवा' दाबलं.

आकडा फोनांचा होता आणि एकेका फोनमागं चार-पाच जण, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं. ते फोनपुढे वाकून म्हणाले, "सगळ्यांनी हजेरी द्या." खाली एकेक नाव उमटायला लागलं. नावांची रांग थांबेचना. पप्पा प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होते, आणि काही नावांवर अडखळत होते, कारण ती माणसंही वर्गाला बसतात याचीच त्यांना कल्पना नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

हजेरी संपली. पप्पा गळा खाकरून म्हणाले, "मागच्या दोन रविवारी कोण कोण हजर होतं?"

परत तीच सगळी नावं, त्याच क्रमानं. हजर सर. हजर. हजर सर. आणि शेवटी पॅकहाउसमागे भेटलेल्या तिनं लिहिलं, "आणि तुम्ही, सर?"

पप्पांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. फळ्याकडे तोंड करून उगाच एक कोपरा पुसला, कोरा होता तरी. मग वळले.

"हजर," म्हणाले. "दोन्ही रविवारी. आता ती उदाहरणं काढा बघू."