वळणावरची हाक

लग्नाआधी मी अस्वल पाहिलं होतं ते दरवेशाच्या दोरीला बांधलेलं. खामगावात आमच्या गल्लीत दरवेशी यायचा, अस्वल दोन पायांवर उभं राहून सलाम करायचं, आणि आई त्याच्या अंगाचे दोन केस मागून घेऊन धाकट्या भावाच्या ताइतात घालायची. त्यामुळे जावई रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर आहे, बोथ्याच्या घाटात तंबूत राहतो आणि तिथं अस्वलं आहेत, असं कळलं तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली आणि मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. तंबू! खिडकीतून डोकावायलाही विचारावं लागे अशा घरात मी वाढलेली. तंबूला तर भिंतच नसते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती आणि जिकडं तिकडं रस्ते रुंद करायची धांदल उडाली होती. आमच्या कॅम्पात पाच तंबू होते. एक आमचा, एक सामानाचा, बाकीचे मोजणीच्या खलाशांचे आणि रोलरवाल्याचे. खडी फोडणाऱ्या बाया आणि त्यांचे नवरे घाटाखाली पालं टाकून राहत आणि सकाळी उन्हाआधी वर चढत. कॅम्पापासून कामाच्या जागेपर्यंत रस्त्याला चार वळणं होती. वरच्या अंगाला नाल्यात झिरा होता, म्हणजे वाळू उकरून केलेला पाण्याचा खड्डा. तिथून मी पिण्याचं पाणी आणायची.

कॅम्पाचा खरा मालक म्हणजे देऊळघाटचा म्हातारा खलाशी. मोजणीची साखळी ओढण्यात, खुंट्या ठोकण्यात त्याचा जन्म गेलेला. सगळे त्याला चाचा म्हणत. मी ट्रकमधून उतरले तशी त्यानं माझी पेटी खाली घेतली आणि पहिल्याच तासात मला तंबूभोवती फिरवून सगळं समजावून दिलं.

"बेटी, उष्टं भांडं तंबूत ठेवायचं नाई. राखेनं घासायचं अन् तिकडं, त्या दगडावर पालथं घालायचं. गूळ तंबूत नाई, तो डब्यात घालून झाडाले टांगायचा. मोहाचं फूल तं आणायचंच नाई. अस्वलाले नाक मोठं, पण नजर कमजोर. कान हायेत, पण खायाले लागलं की त्याले काईच ऐकू येत नाई."

"मग करायचं काय?" मी पदराआडून विचारलं.

"आवाज द्यायचा. वळण आलं की आवाज द्यायचा. आपण कोणाच्या घरी जातो तं दारातून हाक मारतो की नाई? हे घर त्याचं हाय. हाक न मारता घुसलं तं कोनीबी अंगावर येईन."

चाचाचा डावा कान अर्धाच होता. आवाज द्या म्हणताना त्याचा हात आपोआप तिकडं जायचा. कान कसा गेला ते त्यानं मला नंतर एकदा सांगितलं. जवानीत एका सकाळी बायकोशी भांडून, तोंड फुगवून कामावर निघाला होता. रागात तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवलेलं, म्हणून वळणावरही काढला नाही. पलीकडं अस्वल वारूळ उकरत बसलं होतं.

त्या कॅम्पात प्रत्येकाची हाक ठरलेली होती. चाचा "आलो हो, बाप!" म्हणायचा. रोलरवाला नुसताच "हटोऽऽ" करायचा. बायांची आपसातली कलकल तर खालच्या वळणापासूनच ऐकू यायची. डोळे मिटून बसलं तरी कोण कुठं पोचलं ते कळायचं. मला तर ते ऐकायला इतकं आवडायचं की मी भाजी चिरता चिरता एकेक ओळखत बसायची.

सगळ्या कॅम्पात न ओरडणारे दोघंच होते. एक मी आणि एक माझा नवरा.

माझं कारण साधं होतं. नवी सून रस्त्यानं ओरडत जाते का? डोक्यावरचा पदर आणि घशातला आवाज, दोन्ही जागच्या जागी ठेवायचे, हे मला आईनं शिकवून पाठवलेलं. चाचानं ते ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी एका मेलेल्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा आणून माझ्या हातात दिली. "तू नको बोलू. हे बोलीन." तेव्हापासून मी घंटा वाजवत झिऱ्यावर जायची आणि घंटा वाजवत परत यायची. रोलरवाला म्हणायचा, पूजा निघाली.

नवऱ्याचं कारण मला पटत नव्हतं. हे साहेब! कामावरून परत येताना लेव्हलची वही उघडून आकडे वाचत चालायचे. पुढं खड्डा आहे की दगड तेही बघायचे नाहीत. वळणावर हाक मारायची म्हटली की त्यांचा मान जायचा. आमचं यावरून रोज भांडण व्हायचं, तेही कुजबुजत, कारण भिंत नसल्याची ही दुसरी बाजू मला आता कळली होती.

"घंटा तरी न्या," मी म्हणायची.

"मी काय बैल हाय?"

"बैल बरा. तो गळ्यातली काढून टाकत नाही."

"अव, इतक्या दिवसांत एकबी अस्वल दिसलं नाई मले."

"तुम्ही वहीतून मान वर कराल तेव्हा दिसेल ना!"

मला खरोखर भीती वाटायची. चाचाचा अर्धा कान रोज डोळ्यांपुढं होता. रात्री बिबट्या तंबूभोवती फिरून गेला आणि सकाळी त्याचे ठसे दिसले, तर मी उत्साहानं ते ताटाएवढे आहेत की वाटीएवढे हे मोजत बसायची, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण संध्याकाळी चार वळणांवरून सगळ्यांच्या हाका येऊन गेल्या, की शेवटी एक माणूस मुक्यानं येत असायचं, आणि ते तंबूच्या दारात दिसेपर्यंत मी जागची हलायची नाही.

चैत्रात मोह गळायला लागला आणि त्याच सुमारास मामाजी आले. माझे सासरे, वडनेर भोलजीचे मोठे शेतकरी, आवाजाला करडे. सून जंगलात कशी राहते ते बघायला आले होते, आणि नीट राहत नसेल तर तिला घरी घेऊन जाणार होते. मी दोन दिवस मान खाली आणि आवाज त्याहून खाली ठेवून वावरत होते. मला घाट सोडून जायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन नुकतंच झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं, हे रस्त्याखालच्या मोरीची लेव्हल बघायला आधीच गेले होते. मामाजी तंबूपुढं खाटेवर चहा पीत बसले होते. मी दोन कळशा आणि घंटा घेऊन झिऱ्यावर गेले. झिरा उंचावर असल्यामुळे तिथून तिसऱ्या वळणाच्या दोन्ही बाजू दिसतात. पाणी भरून मी मान वर केली आणि बघते तर काय, वळणाच्या अलीकडं, मोहाच्या झाडाखाली, काळं अस्वल! पाठीवर दोन पिल्लं. खाली तोंड घालून फुलं खात होतं, आणि तो फुरफुर आवाज मला वरपर्यंत येत होता.

काय सांगू, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला! दरवेशाचं नाही, दोरीचं नाही, स्वतःच्या मर्जीनं उभं राहिलेलं अस्वल. आणि दुसऱ्या क्षणी वळणाच्या पलीकडच्या बाजूनं वही उघडून आमचे साहेब येताना दिसले.

दोघांच्या मध्ये फक्त वळणाचा खडक होता.

मी घंटा उचलली आणि हात दुखेपर्यंत वाजवली. त्यांनी मान वर केली, झिऱ्याकडं बघितलं, हसले, आणि परत वहीत डोकं घातलं. घंटा म्हणजे बायको पाण्याला आली, सगळं ठीक आहे! इतके दिवस मीच त्यांना ते शिकवलं होतं. अस्वलानं तर मानही हलवली नाही.

मी ओरडले, "अजी!" आमच्याकडं नवऱ्याला असंच हाक मारतात. पण खडी फोडणाऱ्या बाया तेवढ्यातच वर चढल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या दहाजणी आपापल्या नवऱ्यांना अजी, अजी करत पाट्या मागत होत्या. एका अजीनं त्यांना काय कळणार? ते चालतच होते. खडक वीसेक पावलांवर राहिला होता.

खाली तंबूपुढं मामाजी बसलेले मला दिसत होते. मला सगळं आठवलं. आई, पदर, वडनेरचं घर. आणि चाचाचा कान. मी कळशी टाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि नवऱ्याचं नाव घेऊन ओरडले. पहिलं नाव, मग आडनाव, मग नुसतंच पहिलं, जितका श्वास होता तितकं मोठ्यांदा.

घाटानं ते नाव घेतलं आणि समोरच्या डोंगरावरून परत केलं. ते जागीच थांबले. स्वतःचं नाव बायकोच्या आवाजात त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं. अस्वलही थांबलं. ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा मला लख्ख दिसला.

"पुढं अस्वल आहे! पळू नका! पाठ फिरवू नका! हळूहळू मागं सरा!" चाचानं सांगितलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडत होतं, आणि प्रत्येक वाक्याआधी त्यांचं नाव. ते एकेक पाऊल मागं सरकले. बाया गप्प झाल्या. खालून चाचानं रिकामा डबा बडवायला सुरुवात केली आणि "आलो हो, बाप!" म्हणून ओरडत सुटला. अस्वल चारी पायांवर आलं. एक पिल्लू घसरून खाली पडलं होतं, ते परत पाठीवर चढेपर्यंत आई थांबली. तो वेळ संपता संपत नव्हता. मग तिघंही नाल्यात उतरून गेली.

मी कशी खाली पोचले ते मला ठाऊक नाही. पदर खांद्यावर, पायातली एक चप्पल झिऱ्यावर. ते पांढरेफटक पडले होते आणि वही अजून उघडीच होती.

"तू नाव घेतलं," ते म्हणाले.

"मग काय करू?" मी रडत आणि हसत एकदमच म्हणाले. "आणखी दहा पावलं, आणि अस्वलानंच विचारलं असतं तुम्हाला, कोण म्हणून."

तंबूशी आलो तेव्हा मामाजी उभे होते. बशीतला चहा तसाच होता. मी पदर ओढून घेतला आणि त्यांच्या पाया पडले. आता पेटी भरायची, असं मी मनात धरलं होतं.

मामाजींनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सूनबाई, याचं बारसं झालं तवा हे नाव याच्या आत्यानं याच्या कानात सांगितलं. मी जवळ उभा होतो, तरी मले ऐकू आलं नोतं. आज साऱ्या घाटाले ऐकू आलं." आणि ते हसायला लागले. करड्या आवाजाचा तो माणूस खाटेवर बसून डोळे पुसत हसत होता. मग लेकाकडं वळले. "अन् तू काऊन मुका हाय बे? आजपासून वळणावर आवाज द्यायचा. नाई तं सून राहीन इथंच, अन् तुले घेऊन जातो मी वडनेरले."

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसले होते. चाचाची हाक येऊन गेली, रोलरवाल्याची येऊन गेली. मग पहिल्या, सगळ्यात लांबच्या वळणावरून एक नवीन आवाज आला. आधी चाचपडत, घसा साफ करत, आणि मग मोकळा. त्यांनी माझं नाव घेतलं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं, त्यांनीच ठेवलेलं, आणि कुणापुढं कधी न उच्चारलेलं. मामाजी पुढ्यात बसलेले. घाट उतरणाऱ्या बाया खिदळल्या. मला जमिनीत शिरावंसं वाटलं आणि उठून नाचावंसंही वाटलं. दुसऱ्या वळणावर परत तेच नाव.

"बेटी, जवाब दे," चाचा म्हणाला.

मी घंटा वाजवली.

घाटातलं काम संपेपर्यंत रोज संध्याकाळी अशा चार हाका यायच्या. तिसरी आली की मी भाकर तव्यावर टाकायची आणि चौथीला ती फुगलेली असायची. त्यांचं नाव मी त्यानंतर कधी घेतलं नाही, इथंही लिहिलेलं नाही. एकदा घेतलं, आणि तेवढ्यावर तो माणूस जन्मभर रोज घरी येत राहिला.