आबांच्या तुरुंगवासाचं प्रकरण

मंडळी, आज सकाळी धुळ्याला अक्काकडे, म्हणजे माझ्या नव्वदी ओलांडलेल्या आत्याकडे गेलो. आबांच्या, आमच्या आजोबांच्या, बेचाळीसच्या तुरुंगवासाचं, घराण्याच्या पुस्तकासाठी मी लिहिलेलं प्रकरण तिला वाचून दाखवलं.

अक्का हसायलाच लागली. "तुरुंग कसाना रे! आबा रावेरले केळीसना बागमा लपेल व्हता. भाकर मी लई जाऊ, शेणना टोपलामा."

म्हणजे आबा बागेत लपलेले, आणि अक्का शेणाच्या टोपलीत लपवून भाकर न्यायची! किती दिवस, कोणत्या वाटेनं, सगळं विचारून टिपून घेतलं.

घरी आल्यावर माझा धाकटा भाऊ म्हणाला, "भाऊ, राहू दे ना तुरुंग. कोण तपासणार आहे?"

म्हटलं, "मी."

शाळा सातवीपर्यंतच झाली, पण खोटं छापणार नाही. प्रकरण फाडलं. नवं अक्काच्या टोपलीपासून सुरू केलंय.

तुमच्या घरच्या लढवय्याला भाकर कोण पोचवत होतं, कधी विचारलंत?