रंजीताची शलोमी

रंजीता आदिलाबादजवळच्या बेला गावात घरीच ब्लाऊज शिवायची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. ती आणि तिचा नवरा भूषण रविवारी चर्चच्या उपासनेला जाणारे. तिथल्या बायांनी तिच्यासाठी उपास केले होते. आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. आदिलाबादच्या दवाखान्यात मुलगी झाली, ती मेलेलीच. रंजीता शुद्धीवर येईपर्यंत भूषण मुलीला पुरून आला होता.

घरी शेजारणी म्हणाल्या, "झालं ते झालं. अजून वय हाय तुहं." सासूने दुपटी कोणाला तरी देऊन टाकली. त्या पोरीसाठी कोणी सुतक धरलं नाही की कोणी दुखवट्याला आलं नाही.

मग रंजीताला दूध उतरलं. छाती दगडासारखी झाली. ती मोरीत बसून रडत होती, तेव्हा उपासनेतली रेणुकाबाई आली. तिने ओला ब्लाऊज पाहिला आणि काही न विचारता गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या.

"प्रार्थना करू नका मावशी," रंजीता म्हणाली. "मले देवाशी बोलायचं नाही."

"नको बोलू. मी भांडे घासून घेतो."

ती रोज येऊ लागली. सोबत उपासनेतलीच नागमणी यायची. ती तेलुगू, मराठी मोडकंतोडकं. गिऱ्हाइकांचे ब्लाऊज अर्धवट पडले होते. ती मुकाट्याने त्यांना हुक लावत बसायची.

एका दुपारी हुक लावता लावता नागमणीने विचारलं, "पाप नाव काय ठेवणार होती?"

पाप म्हणजे तान्हं बाळ, एवढं तेलुगू रंजीताला कळत होतं.

"शलोमी," ती म्हणाली.

भूषण दारात उभा होता. तो तिथेच उंबऱ्यावर खाली बसला. दवाखान्यातून आल्यापासून त्याने पोरीचा विषय काढला नव्हता.

"केस लई होते तिले," तो म्हणाला. "काळेभोर. हनुवटी तुह्यासारखी."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तू इचारलं नाही. मले वाटलं, तुले आयकायचं नसंल."

त्या दिवशी चौघंही रडली. रेणुकाबाईने मग चहा ठेवला.

त्यानंतर रंजीताला मूल झालं नाही. ती उपासनेला परत जाऊ लागली, पण गाणी म्हणत नाही. कधी मध्येच उठून बाहेर येते, तेव्हा रेणुकाबाई नाहीतर नागमणी तिच्यामागे येते आणि शेजारी उभी राहते.