वाकड्या बोटाचा कोच

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पदरात घ्या. माझी शाळा नववीत सुटली, कोल्हापुरात. तेव्हापासून हातात पेन कमी आणि पाना जास्त. शब्दही साधेच येतात. पण कोचचे किस्से साठत गेलेत, टायरच्या दुकानामागे जुने टायर साठतात तसे. कोणी मुद्दाम आणत नाही, आणि टाकवतही नाहीत.

दुकान अर्लचं. टेक्ससमध्ये, शुगर लँड शहरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर. अर्ल माझा मालक, आणि गावच्या अमेरिकन फुटबॉल टीममधला सगळ्यात जाड गडी. टीम म्हणजे प्लंबर, शिक्षक, रिफायनरीतले कामगार. मंगळवार-गुरुवार प्रॅक्टिस, शनिवारी मॅच. कोच ऐंशीला टेकलेला. या खेळात प्रोफेशनल टीम नवीन-नवीन निघत होत्या तेव्हाचा तो खेळाडू, आणि नंतर जन्मभर कोच.

* * *

मी टीममध्ये आलो तो अनवाणी. तीनेक वर्षं झाली, ८४ साल असेल. जेवणाच्या सुट्टीत दुकानामागे चेंडू मारत होतो, लहानपणी पेठेतल्या पोरांबरोबर मारायचो तसा. एक चेंडू विजेच्या तारांवरून गेला. कोच त्याच्या ट्रकचा टायर बदलायला आला होता. म्हणाला, "परत मार."

मारला. परत तारांवरून!

अर्ल म्हणाला, "कोच, पण ह्याच्याकडे शूज नाहीत."

"बरं झालं. लेस बांधायचा वेळ वाचला."

असा मी किकर झालो. किकरला फारसं बोलावं लागत नाही. मला ते बरं पडलं.

* * *

कोचच्या वेळचं हेल्मेट चामड्याचं होतं. एकदा त्याने ते प्रॅक्टिसला आणलं. मऊ, टोपीसारखं.

"घडी करून मागच्या खिशात ठेवायचो," तो म्हणाला.

"आणि डोकं?" अर्लने विचारलं.

"ते खिशात मावायचं नाही. म्हणून मार खायचं!"

* * *

त्याच मारामारीत त्याच्या उजव्या हाताचं बोट मोडलं आणि वाकडंच जुळलं. मॅचमध्ये बाकावरच्या कोणाला आत पाठवायचं तर तो त्या बोटाने दाखवायचा. बोट माझ्याकडे असलं म्हणजे माझ्या डावीकडच्याने उठायचं. हे टीममध्ये सगळ्यांना पाठ.

एकदा चर्चमध्ये पाद्रीने विचारलं, "वर्गणी गोळा करायला कोण मदत करेल?" कोचने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. डावीकडे बसलेला अर्ल मुकाट्याने उठला!

* * *

कोचचा एक नियम होता. प्रॅक्टिसमध्ये ज्याच्या हातून चेंडू सुटेल त्याने तो दिवस-रात्र काखेत घेऊन फिरायचं. जेवताना, झोपताना, कामावर. दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडू दुकानात परत द्यायचा, म्हणजे सुटका. पण त्याआधी कोणी फटका मारून पाडला, तर आणखी एक दिवस.

अर्लकडे एकदा चेंडू आठवडाभर राहिला. रोज सकाळी निघताना सासूबाई फटका मारायच्या. चेंडू घेऊन बारमध्ये जायची लाज वाटायची, त्यामुळे जावई संध्याकाळी सहाला घरी!

माझी पाळी आली ती नेमकी शुगर लँडला माझ्या काकूंकडे गणपती होते तेव्हा.

"अरे दत्ता, देवापुढे चामडं? बाहेर ठेव ते!"

"काकू, खाली ठेवता येत नाही."

"म्हणजे? जेवणार कसा?"

"एका हाताने."

काकू कपाळाला हात लावून आत गेल्या. मी आरतीला दारातच उभा राहिलो. टाळ्या वाजवता येईनात, म्हणून चेंडूवरच ठेका धरला. मागे एक काका हळूच म्हणाले, "ह्याने शाळा सोडली म्हणे. हे मात्र सोडत नाही!"

* * *

एक वाक्य कोच नेहमी म्हणायचा, "माझ्या चुकीने मॅच गेली, की मी घरी." आम्ही हसायचो. पण घरी त्याचं कोणी नव्हतं. बायको वारलेली, मुलगी लांब. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, एवढाच त्याचा आठवडा. तो संपला तर पुढे काय, हे कोणी बोलत नसे.

परवाच्या शनिवारी आम्ही दोन गुणांनी मागे होतो. काही सेकंद उरले होते. माझी किक गोलपोस्टमधून गेली असती तर तीन गुण मिळून मॅच आमची. किकच्या वेळी पुढे अडवायला अर्ल हवा होता, म्हणून कोचने बोट दाखवलं. अर्लच्या उजवीकडे एक नवा मेकॅनिक बसला होता. त्याची पहिलीच मॅच. बोट त्याच्याकडे होतं, तो पळाला. अर्लला बोट माहीत होतं, तोही पळाला.

मी किक मारली. चेंडू बरोबर मधून गेला. लोक ओरडले. मग रेफरीने मैदानावरची माणसं मोजली. अकराच्या जागी बारा!

दंड म्हणून चेंडू मागे नेला. परत किक. ह्या वेळी वावभर आधीच पडला.

नवा मेकॅनिक रडवेला झाला. "कोच, माझं चुकलं."

"बोट कोणाचं?" कोच म्हणाला.

त्याने चेंडू उचलला, काखेत धरला आणि ट्रककडे चालू लागला. जाता जाता अर्लला म्हणाला, "सकाळी दुकानात आणून देतो. शिट्टी पण. मग मी मोकळा."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान बंद असतं. तरी एकेक करून सगळे आले. कोणी कोणाला फोन केला नव्हता. मी मागे माझ्याच गाडीचं पंक्चर काढत बसलो. कोच आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी, काखेत चेंडू. सगळे खाली बघत होते. अर्लने हात पुढे केला. कोचनेही चेंडू पुढे केला.

मी उठलो, हात पँटला पुसले, मधे गेलो आणि चेंडूवर जोरात फटका मारला.

चेंडू घरंगळत कोचच्या ट्रकखाली गेला. मी परत येऊन पंक्चर काढायला बसलो.