बरणीमागचं कॅलेंडर

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. नेहमी कुणीतरी आत अडकलेलं असायचं, त्यामुळे धावत सुटायची सवय अंगात भिनली होती. नोकरी संपल्यावरही ते जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढत. ताई म्हणायची, "हे जन्माला आले तेव्हा सुईणही पोचली नसेल."

माझी ही थोरली बहीण मात्र कशाचीच घाई करत नसे. दरवर्षी ती आलुबुखाराची वाइन करायची. फळं हाताने कुस्करून आंबवायची आणि रस काचेच्या मोठ्या बरणीत भरून मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवायची. तळाशी गाळ बसला की वरचं तेवढं नळीने दुसऱ्या बरणीत उतरवायची. आत हवा राहू नये म्हणून ती बरणी गळ्यापर्यंत भरायची, बूच लावायची आणि मुरायला सोडून द्यायची. असं दोन-तीनदा झालं की बरणी ओट्यावर यायची. मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. वाइनमधून त्यावरची तारीख स्वच्छ वाचता आली तरच ती बाटल्यांत भरायची, नाहीतर बरणी पुन्हा खोलीत.

"तारीख दिसेपर्यंत महिना बदलतो हिचा," भाऊजी कुरकुरायचे.

मग ताईच्या डोळ्यांचा पडदा निकामी होऊ लागला. एक डोळा गेलाच. दुसरा किती टिकेल, हे डॉक्टर सांगेनात. या खेपेची वाइन निवळलेली तिने बघायचीच, असं भाऊजींनी मनात घेतलं. ताई तपासणीसाठी दवाखान्यात होती, तेव्हा वेळ वाचवायला त्यांनी फळं चक्क उकळून काढली. रस भराभर सुटला. उकळलेल्या फळांचा गढूळपणा सहसा खाली बसत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ताईला ठाऊक होतं, पण तिला त्यांनी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

गाळ बसला, वरचं उतरवून झालं, हिवाळा सरला. वाइन मात्र पावसाच्या डबक्यासारखीच राहिली. भाऊजी उठल्यासुटल्या खोलीत जाऊन मागून टॉर्च मारून बघत.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई म्हणाली, "अहो, आणा बरणी. बघू तरी."

भाऊजींनी बरणी ओट्यावर ठेवली. ताईने चांगला डोळा काचेला लावला.

"निवळली ना?" भाऊजींनी विचारलं, आणि ती काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "आरशासारखी झालीय. तारीख लख्ख दिसतेय मला."

ताई बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली आणि पदराने डोळा पुसला.

"मग हाही गेला म्हणायचा," ती म्हणाली.

भाऊजींचा चेहरा उतरला. "नाही गं. वाइनच गढूळ आहे. मी खोटं बोललो. फळं उकळली होती मी."

"उकळली? मला विचारायचंत तरी."

"तू दवाखान्यात होतीस."

"आता माझी समजूत काढू नका."

"समजूत नाही काढत. याला विचार."

मी वाकून पाहिलं. बरणीपलीकडे नुसता तांबूस चिखल होता. "ताई, मलाही काही दिसत नाहीये. खरंच."

"तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी."

तिची खात्री पटावी म्हणून मी बरणी बाजूला सरकवली. "आता बघ. आता दिसेल तारीख."

ताईने मोकळ्या भिंतीकडे पाहिलं. मान थोडी वळवून पाहिलं, एक पाऊल पुढे होऊन पाहिलं. भाऊजी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"तसंच आहे," ती म्हणाली.

बरणीतली वाइन अजून हिंदकळत होती.

"भरून टाका बाटल्यांत," ताई म्हणाली. "आता कशाला थांबायचं?"

भाऊजींनी नळी हातात घेतली. ती तशीच धरून ते उभे राहिले. बाटल्या धुऊन ओळीने मांडलेल्या होत्या, पण त्यांना घाई नव्हती.