नेमेसियाची पांढरी बोटं

कासिल्दाने भांडंभर गार पाणी सगळ्यांदेखत नेमेसियाच्या बोटांवर ओतलं आणि म्हणाली, "आता बघा, चुना कसा उतरतो ते."

उतरलं काहीच नाही. उलट पांढरीफटक बोटं निळी पडली. नेमेसिया तशीच गरम सुपाचं मडकं उचलायला गेली, ते हातातून सुटलं आणि पहाटेपासून राबणाऱ्या आळीची न्याहारी मातीत गेली.

कासिल्दाचा संशय जुना होता. नेमेसिया तिच्या भावाची, वेन्सेस्लाओची, बायको. इथल्या डोंगरांत हिवाळा जूनमध्ये; त्या थंडीत बटाटे रात्रभर उघड्यावर गोठवायचे, सकाळी सगळ्यांनी मिळून अनवाणी तुडवून त्यांतलं पाणी काढायचं, मग वाळवून त्यांचा चुन्यो करायचा आणि वर्षभर खायचा. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. नेमेसिया मात्र कायम चुलीपाशी. म्हणे थंडीत बोटांतलं रक्त माघारी जातं.

"रक्त म्हणजे काय माहेरवाशीण आहे, मनात आलं की परत जायला?" कासिल्दा विचारायची.

शिवाय नेमेसिया कमरेच्या फडक्यात उकडलेले बटाटे लपवायची, हे कासिल्दाने डोळ्यांनी पाहिलं होतं. आज ती गोठलेले बटाटे गोळा करून आली, तेव्हा बोटं पांढरी. घरात कोकाच्या पानांबरोबर चघळायचा चुना होताच. "लोक दुसऱ्याला चुना लावतात, हिने स्वतःलाच लावलाय. हिच्याकडे कोणी जाऊ नका," तिने आळीत सांगून टाकलं.

आणि नेमेसियाचे बटाटे उद्याच तुडवायचे होते. वेन्सेस्लाओ लांब खाणीवर. आळी आली नाही तर बटाटे उन्हात काळे पडून सडणार, मग वर्षभर खायचं काय?

म्हातारे तिओफिलोकाका सांडलेल्या सुपाकडे बघत म्हणाले, "कासिल्दा, चुना नाही उतरला गं. आमचं सूप तेवढं उतरलं."

नेमेसियाने हात काखेत दाबले होते. कासिल्दा ते चोळायला पुढे झाली.

"चोळू नका, वन्सं. दवाखान्यातल्या नर्सबाईने बजावलंय, नुसती ऊब द्यायची." मग फडक्यातले बटाटे काढून तिने मुठीत धरले. बोटं निळ्याची लाल झाली, तसं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडातून हूं की चूं नाही. सोंग करणारी बाई एवढी गप्प बसत नाही, हे कासिल्दालाही कळत होतं.

"मग हे आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही माहेरवाशीण म्हणालात."

दुसऱ्या सकाळी नेमेसियाच्या माळावर सगळ्यांत आधी कासिल्दा हजर. लक्ष ठेवायला आलेय, असं तिने काकांना न विचारताच सांगितलं. तीच आली म्हटल्यावर बाकीचेही स्कर्ट, विजारी वर खोचत उतरले. ऊन चढायच्या आत शेवटचा ढीग तुडवून झाला.

कासिल्दाचे पाय आता तिचे राहिले नव्हते. नेमेसियाने फडक्यातून दोन गरम बटाटे काढून तिच्या हातात कोंबले.

"उसने देतेय हं, वन्सं."

कासिल्दाने ते आधी उलटसुलट करून पाहिले. सालीवरचे डोळे जांभळे. आणि जांभळ्या डोळ्यांचा बटाटा तर आळीत एकट्या कासिल्दाच्या वावरात होतो.

तिने बटाटे पायांशी धरले, ऊब गेल्यावर खाऊन टाकले. दोन बटाटे परत करायचे आहेत, ते अजून केलेले नाहीत. आधी ते कोणाचे, याचा तिला छडा लावायचा आहे.